जुना डेस्कटॉप अपग्रेड करायचाय: काय बदलू, काय नको?

धागाकर्ता
नमस्कार मंडळी. डेस्कटॉपचा तपशील असा: इंटेल आय५-४५९०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) ४५० वॅट लिहिलंय, कंपनी अनोळखी. विंडोज १० आहे. काम म्हणजे एक्सेल, ब्राउझरच्या वीसेक टॅब, व्हिडिओ कॉल, अधूनमधून फोटो एडिटिंग. गेम नाहीत. चालू केल्यावर बराच वेळ काहीच उघडत नाही. आय७ टाकला तर फरक पडेल का? नवीन मशीन शक्यतो नको आहे.

तारांचा_गुंता
आय७ राहू द्या. अडलंय ते दुसरीकडे. खात्री करायची तर मशीन सुरू झाल्या झाल्या कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू वीस-तीसच्या आसपास दिसला, तर प्रोसेसर नुसता वाट बघत बसलाय.

इथे एक गोम आहे. रॅम कमी पडली की विंडोज उरलेला डेटा हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं, त्यामुळे रॅमची टंचाईसुद्धा डिस्कच्या नावावर दिसते. म्हणून मेमरीच्या पानावर 'कमिटेड'चा (चालू प्रोग्रामांनी मागितलेली एकूण मेमरी) आकडाही बघा. ४ जीबी रॅम असताना तो ७-८ जीबी दाखवत असेल तर दोन्ही बदलायला लागतील. तुमच्या वापरावरून दोन्ही लागणार असंच वाटतंय.

क्रम: आधी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क), मग रॅम. तिथे थांबा.

एसएसडी २.५ इंची साटाच (हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची) घ्या. साधारण ५०० एमबी प्रतिसेकंद ही साटाची मर्यादा असते आणि एनव्हीएमई (जास्त वेगवान जोडणीची एसएसडी) त्याच्या कितीतरी पुढे जातं हे खरं, पण एच८१ बोर्डांवर सहसा एम.२ स्लॉट (ती थेट बोर्डावर बसवायची खाच) नसतो. अडॅप्टर कार्डावर बसवलं तरी बहुतेक बोर्डांचा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) त्यावरून बूट होत नाही. शिवाय मशीन सुस्त वाटण्याचं कारण सलग वेग हे नसतंच. बूट होताना हजारो बारीक फाइली डिस्कभर विखुरलेल्या जागांवरून वाचायच्या असतात. हार्ड डिस्कचं हेड सेकंदाला शंभराच्या आसपास अशा उड्या मारतं, साधी साटा एसएसडी हजारोंनी वाचते. फरक तिथे पडतो.

पेचकस
+१. बसवताना कुठे घोळ होतात तेवढं लिहितो.

१. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ जीबीपीएसचे. रंगावर जाऊ नका, प्रत्येक बोर्डाचा रंग वेगळा. मॅन्युअल किंवा बोर्डावर छापलेली अक्षरं बघा.

२. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय आहे ना ते *आधी* बघा. जुन्या आयडीई मोडवर विंडोज टाकून नंतर मोड बदललात तर निळा स्क्रीन येतो.

३. विंडोज नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. हे बहुतेक जण विसरतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर विंडोज एसएसडीवर टाकतो, पण बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) जुन्या डिस्कवरच्या आधीच्या बूट पार्टिशनमध्ये ठेवू शकतो. पुढे कधीतरी जुनी डिस्क काढली किंवा मेली, की नवीन एसएसडीवरून मशीन चालूच होत नाही आणि दोष एसएसडीला दिला जातो.

४. केसमध्ये २.५ इंचाची जागा नसेल तर दुहेरी चिकटपट्टी चालते. आत फिरणारं काही नाही.

क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करणार असाल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे तुकडे) शून्य नसेल तर क्लोनच्या आधी महत्त्वाच्या फाइली कॉपी करून घ्या. मरायला टेकलेली डिस्क क्लोन होता होताच जाते.

डिम_स्लॉट
रॅमबद्दल, कारण फसवणूक इथेच जास्त होते.

तुमच्या बोर्डावर दोन स्लॉट, कमाल १६ जीबी. म्हणजे ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर३ १६००. १.५ व्होल्ट किंवा १.३५ व्होल्ट (डीडीआर३एल), दोन्ही चालतात. १६ जीबीची डीडीआर३ पट्टी कोणी देऊ केली तर घेऊ नका, या पिढीचा इंटेल प्रोसेसर एका पट्टीत ८ च्या वर ओळखत नाही.

स्वस्तातल्या काही ८ जीबी डीडीआर३ पट्ट्यांवर बारीक अक्षरांत 'फक्त एएमडी' असं लिहिलेलं असतं. त्यातल्या चिपांची रचना इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला वाचता येत नाही, मशीन चालूच होत नाही किंवा बीप देत बसतं. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅमही इथे चालत नाही.

एकच ८ ची पट्टी घेऊन जुनी ४ ची ठेवली तरी चालेल. १२ जीबीपैकी ८ ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरून) धावते, उरलेली ४ सिंगलमध्ये. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे तुमचा डिस्प्लेसुद्धा हीच रॅम वापरतो, म्हणून ड्युअल चॅनलचा फायदा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त. बसवल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा एक तरी पूर्ण फेरा चालवा. एकही एरर आली तर पट्टी परत.

वॅटमीटर
एसएमपीएसवर कोणी बोललं नाही. ४५० या आकड्याने ना खूश व्हा, ना घाबरा. तुमच्या प्रोसेसरचा टीडीपी (जोरात चालताना साधारण लागणारी वीज) ८४ वॅट, एसएसडी दोन-चार वॅट. अख्खं मशीन दीडशेच्या वर क्वचितच जाईल. प्रश्न आहे तो अनोळखी कंपनीच्या जुन्या कपॅसिटरांचा (वीज साठवून स्थिर ठेवणारे भाग). मशीन चालू असताना मोकळ्या मोलेक्स (चार तारांच्या) कनेक्टरच्या पिवळ्या तारेवर मल्टिमीटर लावा (काळा प्रोब काळ्या तारेवर). ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर गेलं तर एसएमपीएस बदला, पुढे वाचायची गरज नाही. आत असलं तरी नवा घेणं वाया जात नाही, पुढच्या मशीनमध्ये तोच बसतो. एसएसडीचंही तसंच. डीडीआर३ रॅमचं मात्र तसं नाही, म्हणून तिच्यावर हात राखून खर्च करा.

बोर्डावरचे प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर अपग्रेडचा विचारच सोडा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. दोन शंका: विंडोज १० चं काय करू? आणि आय७-४७९० जुन्या बाजारात मिळतोय, तो खरंच नको?

तारांचा_गुंता
विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली होती. विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचे इंटेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागतं. तुमचा चौथ्या पिढीचा. पळवाटेने टाकता येतं, पण अपडेट मिळत राहतील याची हमी नाही आणि दरवर्षीच्या मोठ्या आवृत्तीला तीच खटपट. बँकेचे व्यवहार याच मशीनवर असतील तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सुचवेन. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून वायफाय, प्रिंटर, कॅमेरा तपासून घ्या. एक्सेलमध्ये मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या सूचना) असतील तर मात्र तिथल्या लिबरऑफिसवर ते जसेच्या तसे चालतील असं धरून चालू नका.

पेचकस
४७९० बसेल, सॉकेट तोच (एलजीए ११५०). चारच कोर, फक्त थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) चाराचे आठ. एक्सेल आणि टॅबना त्याचा उपयोग फारसा नाही. फोटोंचे गठ्ठे एक्सपोर्ट करत असाल तर थोडा. बोर्डही बदलायचं म्हणाल तर रॅमही बदलावी लागते आणि मग ते नवीन मशीनच झालं, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

त्यापेक्षा कूलर काढून उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवीन लावा. पसरवू नका, कूलर दाबला की ती आपोआप पसरते. इंटेलच्या कूलरचे चार खिळे समोरासमोरच्या जोडीने तिरके दाबा. प्रत्येकाचा 'टक' ऐकू यायला हवा, एक जरी अर्धवट राहिला तर तापमान शंभराला टेकून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

धागाकर्ता
ठरलं मग, एसएसडी आणि रॅम. अजून एक, रात्री प्लग काढला की सकाळी तारीख मागे गेलेली असते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो. हे विंडोजचं का?

वॅटमीटर
नाही, बोर्डावरचा, तारीख आणि बायोसची सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल संपलाय. नवीन सेल ३ व्होल्टचा, अक्षरांची बाजू वर. प्लग काढून बदला. पण सेल काढला की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात, साटा मोड आणि बूट मोडसकट. म्हणून सेल एसएसडीच्या आधी बदला, एएचसीआय लावून सेव्ह करा, मगच विंडोज टाकायला घ्या.