४१४१ चा 'दादा' करू नका

एकाने विचारलंय, ४१४१ ची प्लेट 'दादा' वाचता येईल अशी करून घेतली तर चालेल का? अजिबात नाही. एमएच १२ असो की १४, अक्षरं इंग्रजी आणि आकडे साधेच लागतात. कारच्या प्लेटवर त्यांची उंची ६५ मिमी, जाडी १० मिमी. मनपसंत नंबर आरटीओत शुल्क भरून रीतसर मिळतो, मनपसंत अक्षरं नाहीत!

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीलाही एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) लागते. दुचाकीला ४५०, कारला ७४५ रुपये, वर जीएसटी. परवाच बसवून घेतली. डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेले बारीक आकडे. प्लेट गाडीला पक्की करणारं स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून एकाची प्लेट काढून चोरीच्या गाडीला लावणं अवघड. मला हेच फार पटलं.