शब्दचर्चा : मुलांची 'सुटका' झाली, की मुलं 'ताब्यात घेतली'?

परळकर :
एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि एका क्रियापदापाशी अडकले आहे. जाणकारांची मदत हवी.

हकिगत थोडक्यात सांगते. ३ एप्रिल २००८ रोजी टेक्ससमधल्या एल्डोराडो गावाजवळच्या एका मोठ्या रँचवर, म्हणजे शेतवाडीवर, पोलीस आणि राज्याच्या बालसंरक्षण विभागाचे कर्मचारी शिरले. रँच मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती परंपरेतून फुटून निघालेल्या, बहुपत्नीकत्व मानणाऱ्या एका पंथाचा. निमित्त एका फोनचं. मी सोळा वर्षांची आहे, नवरा मारतो, असं फोनवरची मुलगी सांगत होती. ती मुलगी रँचवर सापडलीच नाही. फोन बनावट होता आणि त्याचा माग कोलोरॅडोतल्या एका बाईपर्यंत गेला. पण तोवर चारशेहून जास्त मुलं बसमध्ये बसवून नेली होती. आधी एका जुन्या लष्करी ठाण्यात, मग सॅन अँजेलोच्या कोलिझियममध्ये ओळीने मांडलेल्या खाटांवर. आया सोबत होत्या. काही दिवसांनी बहुतेक आयांनाही बाजूला काढलं आणि मुलं राज्यभरातल्या निवारागृहांत पांगवली.

आता हे मराठीत कसं लिहू? आपल्या बातम्यांत अशा वेळी हमखास 'मुलांची सुटका' येतं. नॉर्वे-जर्मनीतल्या भारतीय कुटुंबांची बातमी असली की नेमकं उलट, 'मुलं हिरावून घेतली'. दोन्ही शब्द खटला उभा राहण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. निकाल न देणारा शब्द मराठीत आहे का?

जुना मुद्रितशोधक :
ताई, शब्दाच्या आधी प्रयोग बघा. या विषयावरच्या बातमीत पहिलं वाक्य काय असतं? 'मुलांना ताब्यात घेण्यात आले.' कोणी घेतलं? कोणाच्या आदेशाने? '-ण्यात आले' या शेपटाने कर्ता गिळून टाकला. मी आयुष्यभर पानं तपासली, हे शेपूट शेकडो वेळा खोडलं असेल. सरकारी परिपत्रकातून ते वृत्तपत्रांत आलं आणि मुक्कामालाच राहिलं. पाऊस पडला, झाड कोसळलं, तसं मूल ताब्यात घेण्यात आलं! मूल आईपासून तोडण्याइतकं मोठं काम सरकार करतं तेव्हा वाक्यात सरकारचं नाव यायलाच हवं. 'विभागाने मुलं ताब्यात घेतली' असं लिहा, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

फोर्टातला वकील :
काकांशी पूर्ण सहमत. या प्रकरणात आणखी एका शब्दावर सगळं उलटलं, ते सांगतो. तो शब्द म्हणजे 'घर'.

विभागाचं म्हणणं असं की अख्खा रँच हे एकच घर आहे. सगळ्यांची श्रद्धा एक, राहणं एकत्र, म्हणून एका मुलीला धोका असेल तर तो सगळ्या मुलांना आहे. खालच्या न्यायालयाने हे मानलं. अडतीस आया वरच्या न्यायालयात गेल्या. ऑस्टिनच्या अपील न्यायालयाने २२ मे २००८ रोजी विभागाचं म्हणणं फेटाळलं आणि २९ मे रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अपील न्यायालयाने म्हटलं की पंथाची शिकवण काहीही असो, नुसत्या शिकवणीने मुलांना शारीरिक धोका होत नाही. जो काही पुरावा आहे तो मोजक्या मुलींपुरता आहे. तान्ही मुलं आणि मुलगे यांना त्याच दिवशी उचलावं इतकी निकड कुठेही दाखवलेली नाही. जूनच्या सुरुवातीला मुलं घरी परतायला लागली.

मुंबईच्या माणसाला हे समजायला जड नाही. लालबागची चाळ घ्या. गॅलरी एक, नळ एक, संडास सामाईक, गणपती एक. पण चूल प्रत्येक खोलीची वेगळी आणि रेशनकार्डही वेगळं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत पोराला मारहाण होते असा संशय आला तर सरकारने त्या खोलीचं दार ठोठावावं, तातडीने ठोठावावं. पण म्हणून चार मजल्यांवरची सगळी पोरं बसमध्ये भरायची? सगळे एकाच बाप्पाची आरती करतात, एवढ्या कारणावरून?

तेव्हा लेखात 'घर', 'कुटुंब', 'वस्ती', 'समाज' हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. त्या खटल्यात सारा वाद या शब्दांमधल्या अंतराचाच होता.

समुपदेशक, मानखुर्द :
वकीलसाहेब, तुमची चाळ पटली. तरी दुसरी बाजू मांडते, कारण मुलांबरोबर काम करण्यात माझं आयुष्य गेलं.

त्या रँचवर काहीच वाईट चाललं नव्हतं, असं कृपा करून कोणी समजू नका. विभागाने डिसेंबर २००८ मध्ये अहवाल काढला. त्यात बारा मुलींची नोंद आहे, वय बारा ते पंधरा, सगळ्यांची लग्नं लावलेली. पंथाचा प्रमुख वॉरेन जेफ्स याला टेक्ससच्या ज्यूरीने २०११ मध्ये मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवलं आणि जन्मठेप झाली. त्याच्याविरुद्धचा पुरावा त्या रँचवरच सापडलेला होता. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयातही तीन न्यायमूर्तींचं मत थोडं वेगळं पडलं होतं. वयात आलेल्या मुलींपुरती विभागाची कारवाई योग्य होती, असं त्यांनी लिहिलं.

आता शब्दाकडे येते. 'मुलींची लग्नं झाली' असं लिहू नका, 'लावली' लिहा. काका म्हणतात तो कर्ता इथेही हवा. तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न आपोआप होत नाही. ते लावणारा बाप असतो, मान्य करणारा धर्मगुरू असतो. आणि 'वयात आलेल्या' ठीक आहे, पण चुकूनही 'उपवर' लिहू नका. त्या शब्दात मुलीचं वय मोजायचं माप लग्न हेच आहे.

मुलं स्वतः काय म्हणतात तेही सांगते. नवीन आलेल्या मुलाला विचारलं की 'बाळा, इथे कसा आलास?' तर 'माझी सुटका झाली' असं कोणी म्हणत नाही. 'मला गाडीत टाकलं', 'पकडून आणलं', असंच ऐकू येतं. ज्याला घरी चटके दिले जात होते तोसुद्धा पहिल्या रात्री 'मला पकडलं' म्हणतो आणि आईकडे कधी सोडणार ते विचारतो. 'सुटका' हा शब्द त्याच्या तोंडी आला तर कित्येक महिन्यांनी येतो, पुष्कळांच्या तोंडी कधीच येत नाही. म्हणून तो बातमीच्या पहिल्या दिवशी वापरायचा शब्द नव्हे.

गिरगावकर :
मधेच एक शंका. इंग्रजीत ज्याला सरसकट 'कल्ट' म्हणतात त्याला 'पंथ' लिहावं का? आपल्याकडे वारकरी पंथ, नाथपंथ, महानुभाव पंथ, सगळे मानाचे शब्द. 'संप्रदाय' तर त्याहून सोवळा.

परळकर :
मी 'पंथ'च ठेवणार आहे, कारण तो कोणाला आधीच आरोपी करत नाही. 'बुवाबाजी' एका माणसाच्या फसवणुकीबद्दल वापरतात, पिढ्यान् पिढ्या एकत्र राहणाऱ्या हजारो माणसांबद्दल नाही.

आणि हा प्रश्न आपल्याला परका नाही, हेही मला लिहायचं आहे. मूल देवाला 'वाहणं', 'सोडणं' ही क्रियापदं आपल्याच भाषेतली. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्राने २००५ मध्ये पुन्हा केला. बडोदा संस्थानाने १९३३ मध्ये अल्पवयीनांच्या संन्यासदीक्षेवर निर्बंध आणले. १९५५ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेत बालदीक्षा रोखणारं विधेयक आलं, त्यावर शहरात मोठं वादळ उठलं आणि विधेयक बारगळलं. म्हणजे धर्मसमाज आणि मूल यांच्यामध्ये सरकारने केव्हा उभं राहायचं, हा वाद या शहराने आपल्या विधिमंडळात घातलेला आहे.

वकीलसाहेब, 'नागरी स्वातंत्र्य' की 'नागरी हक्क'? आणि मुलाचा 'ताबा' चालेल का? मला तो फ्लॅटचा वाटतो.

फोर्टातला वकील :
इथे 'नागरी स्वातंत्र्य'. हक्क म्हणजे सरकारकडून जे मागायचं ते. स्वातंत्र्य म्हणजे सरकारने जिथे हात घालायचा नाही ती जागा. ही विभागणी काटेकोर नाही, पण लेखापुरती उपयोगी आहे. शब्द मुंबईला जुना आहे : १९३६ मध्ये इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन याच शहरात स्थापन झाली.

'ताबा' फ्लॅटचा वाटतो हे खरं, पण वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात रोज 'मुलाचा ताबा'च म्हणतात. ठेवा. फक्त 'ताबा' आणि 'पालकत्व' एक करू नका. टेक्ससमध्ये सरकारने ताबा घेतला होता, आईबापांचं पालकत्व संपलेलं नव्हतं. वाचकाला हा फरक कळला नाही तर मुलं परत कशी आली तेच कळणार नाही.

वयाचे शब्दही जपून वापरा. विभागाने अल्पवयीन म्हणून ताब्यात घेतलेल्यांपैकी कितीतरी जणी सज्ञान निघाल्या. आपल्या जुन्या कायदेशीर मराठीत अठराच्या आतल्याला 'अज्ञान' म्हणत, सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' दिसतं ते 'अज्ञान पालनकर्ता'. आज 'अज्ञान' लिहाल तर लोक भलताच अर्थ घेतील. 'अल्पवयीन' आणि 'सज्ञान' बरे.

आपल्याकडची तरतूदही एका ओळीत द्या. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार असं मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं त्याच कायद्याच्या तत्त्वांत आहे.

वाचक, डोंबिवली :
मला ही सगळी चर्चा जरा जास्तच वाटते. बारा मुली वाचल्या ना? मग 'सुटका' म्हणा. चारशे मुलं दोन महिने बाहेर राहिली तर काय बिघडलं?

समुपदेशक, मानखुर्द :
दादा, दोन महिन्यांत फार काही बिघडतं. अंगावर पिणारं मूल आईवेगळं केलं तर दोन दिवसांतही बिघडतं. आणि एक दुसरं नुकसान दिसत नाही : ज्या मुलीला खरंच मदत हवी होती, ती पुढच्या वेळी सरकारी माणसासमोर तोंड उघडेल का? आपण बोललो तर सगळी भावंडं उचलून नेतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

परळकर :
डोंबिवलीकर, तुमचा प्रश्न टाळणार नाही, कारण लेखाचा गाभा तोच आहे.

अॅरिझोनात याच परंपरेच्या शॉर्ट क्रीक वस्तीवर २६ जुलै १९५३ रोजी छापा पडला होता. २६३ मुलं नेली. आयांच्या हातून मुलं सुटतानाचे फोटो वर्तमानपत्रांत आले, लोकमत फिरलं आणि गव्हर्नर हॉवर्ड पाइल पुढची निवडणूक हरले. त्या धक्क्याने सरकारं कित्येक दशकं त्या वस्तीकडे फिरकायला बिचकली. त्या काळात तिथे वाढलेल्या मुलींना कोण विचारायला गेलं? सरसकट कारवाईने नागरी स्वातंत्र्य तर गेलंच, मुलींचं रक्षणही गेलं.

कॅनडात त्याच वर्षी, १९५३ मध्ये, ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने डुखोबोर या रशियातून आलेल्या ख्रिस्ती पंथातल्या 'सन्स ऑफ फ्रीडम' गटाची मुलं सरकारी शाळेत पाठवत नाहीत म्हणून न्यू डेन्व्हरच्या वसतिगृहात ठेवायला सुरुवात केली. १९५९ पर्यंत सुमारे २०० मुलं तिथे होती. आईबाप महिन्यातून दोनदा भेटायला यायचे. पुढे तिथे तारेचं कुंपण घातलं. मग भेट कुंपणाच्या दोन बाजूंनी, पापा घ्यायचा तो जाळीच्या भोकातून. प्रांताच्या सरकारने औपचारिक माफी मागितली ती २०२४ मध्ये. याला 'सुटका' म्हणायला डोंबिवलीकरही तयार होणार नाहीत.

आता उलट बाजू. ट्वेल्व्ह ट्राइब्स नावाचा ख्रिस्ती पंथ आहे. १९८४ च्या जूनमध्ये व्हर्मोंटच्या आयलंड पाँड गावात पोलिसांनी त्यांची ११२ मुलं नेली. कोणत्या मुलाविरुद्ध कोणता पुरावा हे सरकारला सांगता येईना, म्हणून न्यायाधीशांनी त्याच दिवशी सगळी परत पाठवली. २०१३ मध्ये याच पंथाची सुमारे ४० मुलं जर्मनीत बव्हेरियाच्या सरकारने ताब्यात घेतली. तिथे मुलांना छडीने मारतानाचं चित्रीकरण होतं आणि न्यायालयांनी मुलागणिक कारणं नोंदवली. २०१८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने आईबापांची तक्रार फेटाळली. पंथ तोच, शिकवण तीच. फरक पडला तो एकेका मुलाचा वेगळा विचार झाला की नाही, यामुळे.

म्हणून माझं ठरलं. छाप्याच्या दिवसाबद्दल लिहिताना 'विभागाने मुलं आईवडिलांपासून दूर केली आणि ताब्यात घेतली'. कर्ता ठळक, क्रियापद साधं. 'सुटका' फक्त त्या मुलींपुरती, ज्यांच्यावरचा अत्याचार न्यायालयात सिद्ध झाला, आणि तीही त्या निकालानंतरच्या परिच्छेदात. 'हिरावली' हा शब्द आयांच्या तोंडी, अवतरणात.

जुना मुद्रितशोधक :
उत्तम. एक लहानसं सांगतो. 'मुलं' हे अनेकवचन लेखभर चालवू नका. जिथे पुरावा एका मुलीचा आहे तिथे 'मुलगी' लिहा, एकवचनी. पानं लागली की पाठवा, मी वाचून देईन.

परळकर :
काका, नक्की पाठवते. दुसऱ्या परिच्छेदात मी स्वतःच 'मुलांना हलवण्यात आले' लिहून ठेवलं आहे. ते आत्ताच बदलते.