सावत्र बहिणीची एकपात्री नुसती गोष्ट सांगितल्यासारखी होतेय, काय करू?

माटुंग्याची_मी:
सिंड्रेला मी मोठ्या सावत्र बहिणीच्या बाजूने परत लिहिलीय. ग्रिम बंधूंची घेतलीय, त्यात बूट काचेचा नाही, सोन्याचा आहे आणि तो पायात जावा म्हणून आई तिला अंगठा कापायला लावते. वाचायला सगळ्यांना आवडली, पण आता कॉलेजच्या स्पर्धेसाठी तिची एकपात्री करतेय तर तालमीत "मग राजपुत्र आला, मग आई म्हणाली" असंच होतंय. सगळं "मी" करून बघितलं तरी निवेदनच वाटतं. कोणी केलंय का असं?

तालीमवेडा:
ती बोलतेय कोणाशी आणि तिला आत्ता काय हवंय, हे आधी ठरव. प्रेक्षकांना सांगत बसली तर निवेदनच होणार. आणि ग्रिमच्या गोष्टीत जागा आहे की! राजपुत्र मोठीला घोड्यावर घेऊन निघतो, कबुतरं सांगतात बुटात रक्त आहे, तो तिला परत आणून सोडतो आणि मग धाकटीची पाळी, तिची टाच मावत नाही, आई पुन्हा सुरी पुढे करते. तिथेच उघड ना पडदा! राजपुत्र बाहेर उभा म्हणजे मोठ्याने बोलायची सोय नाही, स्वतःचा पाय रक्ताळलेला, आणि धाकटीला थांबवायचंय. मागचं सगळं तिला अडवताना आपोआप येईल, जेवढं अडवायला लागतं तेवढंच ठेव, बाकी काप.

गिरगाव_कट्टा:
+१. आईचं ते वाक्य मात्र सोडू नकोस, राणी झालीस की पायी चालावंच लागणार नाही. आई दोघींनाही तेच सांगते, त्यामुळे मोठीने ते आईच्या आधीच बोलून टाकावं, काटा येईल. आईचा आवाज वगैरे काढू नकोस, एकपात्री म्हटलं की सगळे नकला करायला लागतात. आणि कबुतरं डोळे फोडतात तो भाग घेऊच नकोस. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तो नाहीच, १८१९ मध्ये घातला.

माटुंग्याची_मी:
पण धाकटी तर टाच कापतेच ना? मग मोठीचं बोलणं फुकट?

तालीमवेडा:
हो, हरू दे तिला. आपण जिंकणार असंच धरून शेवटपर्यंत बोल, आधीपासून रडकी करू नकोस.

माटुंग्याची_मी:
धाकटीसाठी रिकामी खुर्ची ठेवू?

गिरगाव_कट्टा:
नको गं, लोक खुर्चीकडेच बघत बसतात. नजरेची उंची पक्की कर, धाकटी खाली वाकली की नजर पण खाली. आणि लंगडणं पहिल्यापासून नको, मध्येच तिला अडवायला उठतेस तेव्हा दिसू दे.