उ: टर्मिनलमधली काही अक्षरं गायब

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, काही अक्षरं दिसत नाहीत असा प्रश्न आहे. टर्म व्हेरिएबल (टर्मिनलचा प्रकार सांगणारी सेटिंग) एक्सटर्म-२५६कलर करा हा वर कुणीतरी दिलेला सल्ला चांगलाच आहे, पण ठरावीक अक्षरंच गायब होत असतील तर तो पुरणार नाही. सोलराइज्ड डार्क या गडद थीममध्ये पॅलेटचा (टर्मिनलच्या क्रमांकवार रंगांच्या यादीचा) ८ क्रमांकाचा रंग, म्हणजे 'ब्राइट ब्लॅक', हाच पार्श्वभूमीचाही रंग आहे. झेडशेल (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल, तर टाइप करताना पुढची आज्ञा सुचवणारं त्याचं ऑटोसजेशन्स प्लगइन मूळ सेटिंगमध्ये नेमका हाच ८ नंबर वापरतं. सूचना उमटते, पण काळ्या पाटीवर कोळशाने लिहिल्यासारखी!

माउसने ती ओळ सिलेक्ट करून बघा. अक्षरं दिसली तर दोष रंगाचाच. मग टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये पॅलेटचा फक्त ८ नंबर जरा उजळ करडा करा, थीम बदलायची अजिबात गरज नाही. ठळक अक्षरंही जात असतील तर 'ठळक मजकूर उजळ रंगात' या पर्यायावरची टिक काढा, कारण तो पर्याय ठळक अक्षरांसाठी ० नंबरच्या रंगाचा ८ नंबर करतो.