उत्तर: एमआरपी रननंतर शेकडो इशारे, सुरुवात कुठून?

प्रश्न असा: सॅपमध्ये (कंपनीचं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर) एमआरपी, म्हणजे काय, किती आणि कधी मागवायचं याची गणना, चालवल्यावर शेकडो इशारे येतात आणि बायर (खरेदी बघणारे) ते बघणंच सोडून देतात; मग सुरुवात कुठून करायची? माझ्या मते १०, १५ आणि २० क्रमांकाच्या इशाऱ्यांना (अनुक्रमे ऑर्डर अलीकडे ओढा, पुढे ढकला, रद्द करा) लगेच हात लावू नका. आधी ०७ चे इशारे निपटा, म्हणजे पूर्ण होण्याची तारीख उलटून गेलेल्या ऑर्डरी. बाकीचा बराच गोंधळ त्यातूनच उपजतो.

उदाहरणार्थ, ५०० नगांच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) ४८८ आले, १२ कधीच येणार नाहीत, पण डिलिव्हरी कम्प्लिटेडची (आता आणखी माल येणार नाही, अशी) खूण केलेली नाही. एमआरपी ते १२ येणारच असं धरून चालतं आणि पुढची खरेदी १२ ने कमी सुचवतं. लाइन थांबते ती नेमकी त्या १२ नगांसाठी! एमई२२एन (पीओ बदलायचा स्क्रीन) मध्ये त्या आयटमच्या डिलिव्हरी टॅबवर खूण करा. प्रॉडक्शन ऑर्डर अर्धवट असेल तर सीओ०२ (प्रॉडक्शन ऑर्डर बदलायचा स्क्रीन) मधून टेको करा, म्हणजे ती तांत्रिकदृष्ट्या पूर्ण झाली अशी नोंद करा; घटकांची उरलेली रिझर्व्हेशनंही (ऑर्डरसाठी राखून ठेवलेली मागणी) त्यातून जातात.

३० क्रमांकाचा इशारा (हव्या त्या तारखेला माल मिळणं वेळापत्रकात बसत नाही) येत असेल तर लीड टाइम (माल मिळायला लागणारा काळ) तपासा. प्लॅन्ड डिलिव्हरी टाइम कॅलेंडरच्या दिवसांत असतो, जीआर प्रोसेसिंग टाइम (आलेला माल तपासून जमा करायला लागणारा वेळ) मात्र कामाच्या दिवसांत. पुरवठादाराचे १५ कामाचे दिवस म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात १७-१८ दिवस. पण प्लॅन्ड डिलिव्हरी टाइममध्ये सर्रास १५ च भरलेले असतात.

मग १० आणि १५. दोन दिवसांच्या फरकाने काहीच अडत नसेल, तर ओपीपीक्यू (प्लांटच्या एमआरपी सेटिंग्जचा स्क्रीन) मध्ये रीशेड्यूलिंगचं टॉलरन्स द्या, म्हणजे तेवढ्या फरकावर इशारा येणार नाही. पण महागड्या मालाच्या १५ वर पुरवठादाराशी बोलाच, पैसा तिथेच अडकतो.