दुसरा स्फोट : मदतीला धावणाऱ्यांवरचे हल्ले (अनुभव धागा)

मंडळी, ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा बडोद्यातही भोंगे वाजले. मी स्वयंसेवक म्हणून रावपुऱ्यात उभा होतो. शेजारची तिसरीतली मुलगी माझ्या जाकिटावरच्या नारिंगी पट्टीतल्या निळ्या त्रिकोणाला, म्हणजे नागरी संरक्षणाच्या खुणेला, बोट लावून म्हणाली, "काका, हे बघून विमानवाला बॉम्ब टाकणार नाही ना?" मी पटकन "नाही टाकणार" म्हणालो आणि रात्रभर ते उत्तर टोचत राहिलं. खोटंच बोललो होतो.

ज्यांनी अग्निशमन, रुग्णवाहिका, रुग्णालय किंवा सैन्यात काम केलंय, किंवा युद्ध जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया लिहावं. कोणता देश चांगला, कोणता वाईट हा वाद इथे नको. मदतीला जाणाऱ्या माणसाबद्दल बोलूया.

निवृत्त फायरमन, दांडिया बाजार
३१ वर्षं नोकरी झाली. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : आत धावू नका, आधी वर बघा, बाजूला बघा, गॅसचा वास घ्या. पहिला सिलिंडर घरच्यांना मारतो, दुसरा आपल्याला.

एकदा एका जुन्या वाड्यात असंच थांबावं लागलं. आत दुसरा सिलिंडर तापला होता आणि साहेबांनी हात आडवा केलेला. दाराच्या पलीकडून एक आजोबा थापा मारत होते. आम्ही सात-आठ मिनिटं पाण्याचा मारा करत बाहेरच उभे. आजोबा वाचले, पण ती थाप अजून माझ्या कानात आहे.

सिलिंडरला मात्र डोकं नसतं. युद्धात दुसरा मारा माणूस ठरवून करतो, बचाव पथक पोचायला वेळ देऊन. ४ एप्रिल २०२४ ला युक्रेनमधल्या खारकीव्हला इमारतीवर ड्रोन पडलं, पथक पोचलं, आणि त्याच जागी पुन्हा हल्ला झाला. तीन बचावकर्मी गेले. अशाने पुढच्या वेळी पथकाला थांबावंच लागतं, आणि ढिगाऱ्याखालून थाप येत असते. जे वाचले असते तेही मग जातात. मेलेल्या फायरमनचा आकडा छापून येतो, या थांबण्याचा कुठे येत नाही.

परिचारिका, मांजलपूर
काका, तुमचं वाचून हात थरथरला. मी २००८ मध्ये अहमदाबादेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. २६ जुलै, शनिवार. संध्याकाळी शहरात एकामागून एक स्फोट झाले आणि जखमी रुग्णालयांत येऊ लागले. साधारण ४० मिनिटांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या ट्रॉमा सेंटरपाशी स्फोट झाला. जिथे जखमी, नातेवाईक, रक्त द्यायला आलेली मुलं जमली होती, नेमकं तिथे. मी दुसऱ्या रुग्णालयात ड्रेसिंगचं सामान ट्रेमध्ये लावत होते. बातमी आली आणि आमच्या सिस्टरनं फक्त एवढंच सांगितलं, "खिडकीपासून खाटा आत ओढा." एका खाटेचं चाक फिरत नव्हतं. पेशंटसकट ती उचलून आत नेली, चौघींनी.

त्यानंतर कित्येक महिने फाटकाशी अनोळखी मोटार उभी दिसली की माझी पावलं अडायची. त्या दिवशी शहरात ५६ माणसं गेली. ते युद्ध नव्हतं, खटला आपल्या देशातल्या फौजदारी आणि दहशतवादविरोधी कायद्यांखाली चालला आणि २०२२ मध्ये ४९ जण दोषी ठरले. पण डाव तोच होता. मदत जिथे गोळा होते तिथे मारायचं.

कायद्याची प्राध्यापिका, अलकापुरी
धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर : त्या त्रिकोणावर हल्ला करता येत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात कलम १८ रुग्णालयांना संरक्षण देतं. रुग्णालयातून शत्रूला अपाय करणारी कृत्यं झाली तरच ते संरक्षण जातं, आणि तेव्हाही कलम १९ प्रमाणे आधी इशारा आणि योग्य तिथे वाजवी मुदत द्यावी लागते. आत जखमी सैनिक आहेत, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली बंदूक कपाटात आहे, एवढ्यानं संरक्षण जात नाही. हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून घेते, कारण सबब नेमकी तिथेच काढली जाते.

आग विझवणं, ढिगारे उपसणं, निळा त्रिकोण हे सगळं १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे जिनिव्हा करारांना जोडलेल्या पूरक करारात येतं. भारतानं तो स्वीकारलेला नाही. पण १९४९ चे करार आपण मानले आणि १९६० मध्ये कायदाही केला. शिवाय अग्निशामक हा नागरिकच आहे, त्याच्यावर मुद्दाम हल्ला करणं कुठेही गुन्हाच.

दुसऱ्या माऱ्यासाठी वेगळं कलम नाही. प्रत्येक मारा स्वतंत्र तपासला जातो. पहिला मारा कायदेशीर असेलही. पण दुसऱ्याच्या वेळी तिथे बचावकर्मी असणार हे ठाऊक असतं, त्यांना हिशेबात धरावंच लागतं.

रुग्णवाहिकेवरचा सहायक, वाघोडिया रोड
मला कायदा कळत नाही, दिवा कळतो. आम्ही दिवा लावला की सूरसागरच्या गर्दीतही लोक स्कूटर बाजूला घेतात. म्हणून २३ मार्च २०२५ ची गाझा पट्टीतल्या रफाहची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. इस्रायली सैन्याच्या गोळीबारात १५ मदतकर्मी मारले गेले. त्यांत रेड क्रेसेंटचे ८, नागरी संरक्षणाचे ६, संयुक्त राष्ट्रसंघाचा १. वाळूतून मृतदेह काढले. आधी इस्रायली सैन्यानं सांगितलं की गाड्यांचे दिवे बंद होते. मग मारल्या गेलेल्या एका सहायकाच्या मोबाइलमधलं चित्रण बाहेर आलं, त्यात दिवे चालू दिसतात. सैन्याला आपलं म्हणणं बदलावं लागलं, एका अधिकाऱ्याला पदावरून काढलं.

त्या रात्री ड्यूटीवर मी उगाचच खाली उतरून आमचा दिवा लांबून बघितला. बऱ्याच अंतरावरून दिसतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. परवा त्या मुलीला जिन्यात गाठलं आणि चूक दुरुस्त केली. म्हटलं, "टाकू नये असा नियम आहे. टाकला तर तो गुन्हा." तिनं दप्तराचा पट्टा सारखा केला आणि विचारलं, "मग त्याला पकडायला कोण जातं?"

प्राध्यापिकाबाई, तिला समजेल असं काही लिहाल का? रविवारी ती पुन्हा येणार आहे.