मागच्या चाकाचे आरे ढिले ठेवले तर सायकल खरंच मऊ चालते का?

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)
राम राम मंडळी. गिअरची सायकल आहे. ७०० × ३५ टायर, अॅल्युमिनियमची रिम, मागे ३२ आरे. माझं वजन ८० किलो, कॅरियरवर १५ किलो. तीन महिन्यांत मागच्या चाकाचे तीन आरे तुटले. तिन्ही डाव्या बाजूचे, तिन्ही हबजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकातून. दर वेळी नवा आरा टाकून आऊट (रिमची वाकडी चाल) काढून घेतला, पण आठवड्यात रिम परत ब्रेकच्या रबराला घासते. मिस्त्रींचं म्हणणं, आरे ताणले की सायकल कडक होते, खड्ड्यात उडते, म्हणून थोडे ढिलेच बरे. आणि इकडच्या उन्हात ते सैल पडणारच. हे बरोबर आहे का? ताण मोजायचं मीटर जवळ नाही.

तापीकाठ (भुसावळ)
भाऊ, आऱ्यांच्या ताणाने सायकल कडक किंवा मऊ होत नाही. एकही आरा पूर्ण सैल पडत नाही तोवर चाकाचा कडकपणा जवळपास तेवढाच राहतो, ताण ७० किलो असो की ११०. खड्ड्यात चाक स्वतः मिलिमीटरच्या अंशाइतकंच दबतं, टायर मात्र कित्येक मिलिमीटर. मऊपणा हवा असेल तर हवा कमी करा. तुमच्या वजनाला ३५ च्या टायरमध्ये मागे ५५-६० पीएसआय, पुढे ४५-५० पुरे.

ढिल्या आऱ्यांनी होतं ते वेगळंच. वजन पडलं की जमिनीकडच्या तीन-चार आऱ्यांचा ताण उतरतो आणि चाक फिरलं की परत चढतो. मुळात ताण भरपूर असेल तर थोडा उतरून भागतं. कमी असेल तर आरा पूर्ण मोकळा होतो, वाकाशी हलतो, निपलही (रिमकडे आरा धरून ठेवणारं छोटं नट) हळूहळू सुटत जातं. तुमचं चाक एका किलोमीटरला साधारण ४६० वेळा फिरतं, म्हणजे तो वाक तितक्याच वेळा ढिला-घट्ट होतो. तार तिथेच थकते. एकदम ओढ बसून तुटलेला आरा फार क्वचित बघायला मिळतो.

डावेच का तुटतात? उजवीकडे फ्रीव्हीलला (गिअरच्या दातेरी चक्रांना) जागा द्यायला हबची आरे अडकवायची चकती आत सरकवलेली असते. त्यामुळे उजवे आरे उभे बसतात आणि डावे तिरपे. रिम मधोमध ठेवायची तर डाव्यांचा ताण उजव्यांच्या ५० ते ६५ टक्केच राहतो. उजवे ११० किलोवर असले तर डाव्यांना ६० च्या आसपास मिळतो. उजवेच ६० वर ठेवले तर डाव्यांकडे उरतं काय?

म्हणून नुसते डावे आवळून उपयोग नाही, रिम डावीकडे ओढली जाईल. डावीकडचा ताण उजवीकडून येतो, उजवी बाजू पूर्ण ताणा. आणि तीन तुटले म्हणजे उरलेले तेरा डावेही तितकेच थकलेत. सोळाच्या सोळा बदला. लांबी तुटक्या आऱ्याचे तुकडे जोडून मोजा, उजव्याची घेऊ नका, तो थोडा आखूड असतो.

आऊट_काढणार (धुळे)
वरचं सगळं बरोबर. आता हाताने कसं करायचं ते.

टायर, ट्यूब, रिमची पट्टी काढा. सायकल उलटी ठेवा, मागच्या दांड्यांना दोन्हीकडून केबल टाय बांधून टोकं रिमजवळ आणा, तोच तुमचा आऊट बघायचा काटा. प्रत्येक निपलच्या दोन्ही तोंडांना तेलाचा थेंब. निपल फिरवायच्या चावीची खाच निपलवर घट्ट बसायला हवी, सैल खाचेने कोपरे झडतात आणि मग निपल कापावंच लागतं.

रिमच्या बाहेरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की घट्ट. १४ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) आऱ्याला एक पूर्ण फेरी म्हणजे ०.४५ मिमी ओढ, म्हणून एका वेळी पाव फेरी, फार तर अर्धी. आधी वरखाली होणारा आऊट काढा, मग डावा-उजवा. रिम डावीकडे गेली असेल तर तिथला उजवा पाव फेरी घट्ट, शेजारचा डावा पाव फेरी ढिला. नुसते घट्टच करत गेलात तर एकाच जागी ताण साचतो, रिम सरळ दिसते आणि आठवड्यात परत घासते. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय.

मीटर नसलं तरी कान आहेत. आरा रिम आणि फुलीच्या (आरे एकमेकांना ओलांडतात ती जागा) मधे बोटाने छेडा. उजवे उजव्यांशी, डावे डाव्यांशी ताडून बघा, सूर जवळजवळ एक हवा. एखादा भदभद वाजला तर तो ढिला. एकूण सूर किती उंच हवा ते कळायला तितकेच आरे, तेच गेज, तीच लांबी असलेलं नवं चांगलं चाक दुकानात छेडून बघा. ताण चौपट झाला तरच सूर एक सप्तक चढतो, तेव्हा कानाला थोडा वाटणारा फरकही ताणात बराच असतो.

एक गोष्ट बहुतेक जण गाळतात. निपल फिरवताना आरा स्वतः पिळतो. आऱ्यावर चिकटपट्टीचा झेंडा लावून बघा, तो वळताना दिसेल. म्हणून हवं त्यापेक्षा थोडं जास्त फिरवून तेवढंच मागे घ्यायचं. शेवटी हातमोजे घालून शेजारशेजारचे समांतर आरे जोडीने मुठीत जोरात आवळा, दोन्ही बाजूंनी, चाकभर. कडकड आवाज येईल, तो पीळ सुटतानाचा. मग परत आऊट बघा. आवळल्यावर रिम एकदम पापडासारखी वाकली तर ताण जास्त झालाय, सगळी निपलं अर्धी फेरी ढिली करा.

रिम मधोमध आली का, हे बघायला चाक काढून उलटं बसवा. दोन्ही वेळा रिम केबल टायपासून तितकीच दूर दिसली पाहिजे.

केळीपट्टा (रावेर)
उन्हाचं राहिलं. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं. त्यामुळे ४५ अंशात तुमची रिम आऱ्यांना उलट किंचित ताणतेच, २५ अंशांच्या फरकाला साधारण एका फेरीच्या दहाव्या भागाइतकी. जुन्या काळ्या सायकलींच्या स्टीलच्या रिमला साध्या स्टीलचे आरे असतात, तिथे दोन्ही सारखेच वाढतात. सैल पडण्याचा दोष उन्हाला नको.

पावसाळ्यात निपल गंजून बसतं, तेव्हा पितळेचीच घ्या. बसलेलं निपल जोराने फिरवू नका, रॉकेल किंवा गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा.

पाटणादेवी_रोड (चाळीसगाव)
आता उजवे छेडून बघितले, पाच-सहा अगदी भदभद. सोळा डावे आरे आणि पितळी निपलं आणतो. नंतर परत कधी तपासायचं?

आऊट_काढणार (धुळे)
पहिल्या १०० किमीनंतर एकदा. तेव्हा सूर सारखे लागले तर पुढे पावसाळ्यानंतर बघितलं तरी चालेल.